तेलाचा हात

३ फेब्रुवारी

मूठ घडवणाऱ्या माझ्या भावांनो आणि बहिणींनो, आपलं एक दुखणं आहे आणि ते आपण आजवर एकमेकांनासुद्धा बोलून दाखवलेलं नाही. सुरी हातात घेतली की माणूस पातं बघतो. नखावर धार बघतो, उजेडात धरून चमक बघतो आणि म्हणतो, वा, काय सुरी आहे. जिला धरून हे सगळं चाललेलं असतं ती मूठ त्याला दिसतच नाही. इतिहासाची पुस्तकं मी कमी वाचलेली नाहीत. तलवारींना नावं असतात, त्या घडवणाऱ्या लोहारांना नावं असतात. मूठ करणाऱ्याचं नाव मला एकाही पानावर सापडलेलं नाही.

भाषण असं सुरू करायचं ठरवलं आहे. कारागीर मंडळाची वार्षिक सभा २८ मार्चला आहे आणि ठराव मी मांडणार आहे. कारखान्यात पापुद्रे चिकटवून, रेझिन पाजून बनवलेल्या लाकडाची मूठ ज्या सुरीला असेल, तिच्यावर मंडळाचा शिक्का उठता कामा नये. लाकूड म्हणजे झाड. चिकटवलेला भुसा म्हणजे झाड नव्हे.

जेवताना हे लेकीला म्हणून दाखवलं. ती प्लायवुडच्या कारखान्यात तपासनीस आहे, म्हणजे शत्रूच्या गोटातली. म्हणाली, भाषण झक्कास आहे, पण त्यात भुसा नसतो, आणि मंडळात तुला तोफ म्हणतात ते ठीक, पण घरात आपण दोघीच आहोत तर जरा हळू डाग.

७ फेब्रुवारी

आज इस्पितळाच्या स्वयंपाकघराच्या मुख्य बाई कार्यशाळेत आल्या. कार्यशाळा म्हणजे एकच लांब खोली. पुढे माझं टेबल, शिकंजा, कानशी आणि तयार मुठींची फळी. मागच्या दारापलीकडे भावजींची भट्टी आणि ऐरण. हे होते तेव्हा हे मुठी करायचे आणि त्यांचा धाकटा भाऊ पाती ठोकायचा. यांना जाऊन अकरा वर्षं झाली. मुठी माझ्याकडे आल्या, पाती भावजींकडेच राहिली.

मुख्य बाईंनी टॉवेलात गुंडाळलेल्या सहा सुऱ्या टेबलावर ठेवल्या. प्रत्येकीत पातं आणि लाकूड यांच्यामध्ये फट पडलेली. एकीत माझं नख शिरलं. दुसरीची मूठ पितळी खिळ्यापासून उभी तडकलेली. इस्पितळात तपासणी अधिकारी आला होता. त्याने त्या फटीत टाचणी घातली आणि बाहेर आलेला काळा चिकट मळ पांढऱ्या कागदावर पुसून सगळ्यांना दाखवला. १५ मार्चला तो पुन्हा येणार. तोवर फट न पडणाऱ्या मुठी दिसल्या नाहीत, तर छत्तीसच्या छत्तीस सुऱ्या बाद आणि त्यांच्या जागी प्लास्टिकच्या मुठीच्या कारखानी सुऱ्या.

मुख्य बाई म्हणाल्या, "मला पातं सोडायचं नाहीये. माझ्या बायकांचे हात त्याला सरावलेत. मुठीचं तेवढं काही तरी करा."

मी त्यांना लाकूड म्हणजे काय ते समजावलं. लाकूड श्वास घेतं, त्याला पाण्यात बुडवून ठेवायचं नसतं, लगेच पुसायचं असतं. आणि शेवटी हेही सांगितलं की तीस वर्षांत आमच्या कार्यशाळेची एकही मूठ परत आलेली नाही. त्यावर त्या माझ्या खांद्यावरून मागच्या दाराकडे पाहत राहिल्या. तिथे भावजी उभे होते. निरुत्तर झाल्या, असं मला वाटलं.

त्या गेल्यावर भावजी पुढे आले. त्यांच्या दहा पात्यांतली सहा त्या स्वयंपाकघरात जातात. ते काम गेलं तर एप्रिलमध्ये भट्टी बंद करून मुलाकडे जाऊन राहीन, म्हणाले. मुलगा कधीचा बोलावतो आहे. मी म्हटलं, असं कसं. ते म्हणाले, "मग रिकामी भट्टी पेटवून काय शेकत बसू, वहिनी?"

आणि आत जाऊन ठोकायला लागले. आवाज नेहमीसारखाच होता.

८ फेब्रुवारी

राग उतरलेला नाही. ज्या माणसाने आयुष्यात कधी सुरीला मूठ बसवली नाही तो टाचणी घेऊन येतो आणि भट्टी विझवतो. चार पानं लिहिली. वाचून पाहिली तर छान वाटली. भावजींच्या कामाला त्यांचा काडीचा उपयोग नाही.

१० फेब्रुवारी

लाकडी मुठीची सुरी कशी धुवायची ते शिकवायला इस्पितळात गेले होते. मुख्य बाई म्हणाल्या, जरूर शिकवा, मोरीपाशी उभ्या राहा.

साडेनऊ ते एक उभी राहिले. मोरीतला हौद कोपरापर्यंत खोल. पाणी इतकं कढत की पहिल्यांदा हात बुडवला तो तसाच बाहेर आला. तिथे चौदा वर्षं भांडी धुणारी एक बाई आहे, बारीक चणीची. शेकडो ताटं, पातेली, डाव, आणि मधे मधे सुऱ्या. सुरी कढत पाण्यातूनच काढायची असा नियम आहे, कारण जेवणारे आजारी आहेत. मी म्हणणार होते की धुतल्यावर कोरड्या फडक्याने लगेच पुसा. अकरा वाजता त्या खोलीत कोरडं फडकं नव्हतं. कोरडा हातही नव्हता. मी शिकवायचं ते तोंडातच राहिलं.

एक वाजता तिला विचारलं, आमची सुरी कशी वाटते. ती म्हणाली, "सुरी छान आहे. पण पाहुण्यासारखी आहे. सारखं तिच्याकडे बघावं लागतं."

मग तिने उजवा तळहात दाखवला. करंगळीच्या खाली एक आडवी रेघ, जुनी, कडक झालेली. मूठ फुगली की फटीत कातडी चिमटते, म्हणाली. तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं.

मी चाळीस वर्षं श्रमिकांच्या हातांवर बोलत आले आहे. त्या हातांवर माझ्या मुठीची रेघ आहे, हे आज पाहिलं.

११ फेब्रुवारी

लेकीला म्हटलं, तुझ्या त्या पापुद्र्यांचं काही मिळेल का बघ. नुसतं बघायला. ती टोमणा मारेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, किती जाडीचं हवं.

१४ फेब्रुवारी

लेकीने पिशवीभर ठोकळे आणले. कारखान्यात टाकून देतात ते, म्हणाली. बरं झालं. रद्दी इतकी एकसारख्या मापाची कशी असते, देव जाणे. बरोब्बर मुठीच्या लांबीरुंदीचे निघाले.

तिने समजावून सांगितलं ते असं. झाडाचे कागदासारखे पातळ पापुद्रे काढतात, ते रेझिनमध्ये भिजवतात, एकावर एक रचून गरम प्रेसमध्ये दाबतात. दुसऱ्या प्रकारात अख्खाच लाकडाचा तुकडा घेतात, त्यातली हवा ओढून घेऊन तिथे रेझिन भरतात आणि भाजतात. दोन्हीत गोष्ट एकच. लाकडात जिथून पाणी शिरायचं तिथे रेझिन आधीच जाऊन बसलेलं असतं. "बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. पाणी येतं आणि उभं राहून परत जातं." त्यामुळे लाकूड फुगत नाही, आक्रसत नाही. मी म्हटलं, म्हणजे श्वास घेत नाही. ती म्हणाली, सुरीच्या मुठीने श्वास घेऊन कुठे पळायचंय?

शिकंज्यात धरलं. जड आहे. कानस सुरुवातीला घसरते, मग चावते. वास औषधाच्या दुकानाचा. धूळ बारीक आणि छातीला वाईट, म्हणून लेकीने तोंडाला पट्टी बांधायला लावली. तोफेच्या तोंडाला टोपी, भावजी म्हणाले आणि स्वतःच हसले. हा माणूस वर्षातून दोनदा विनोद करतो.

संध्याकाळपर्यंत एक अर्धुक, म्हणजे मुठीची एक बाजू, तयार झालं. गोलाई आली तसे थर उघडे पडत गेले, नकाशात डोंगराभोवती रेघा असतात तसे. सुंदर दिसतं हे लिहायला हात धजत नाही. पण लिहिलं.

१८ फेब्रुवारी

सहा मुठींची बारा अर्धुकं तयार झाली. घासून संपल्यावर नेहमीप्रमाणे तळहातावर जवसाचं तेल घेतलं आणि प्रत्येकावर आतून-बाहेरून तेलाचा हात फिरवला. हे म्हणायचे, तेलाचा हात फिरल्याशिवाय मूठ आपली होत नाही. परक्या लाकडाला निदान एवढं तरी आपलंपण द्यावं. उद्या गोंद, परवा खिळे.

भावजींनी सहा पाती दिली. बाद माल आहे, चुकली तरी हरकत नाही, म्हणाले. मी उजेडात धरून पाहिली, मला त्यांत काही खोट दिसली नाही. त्यांची नजर माझ्यापेक्षा बारीक असणार.

पाती घ्यायला आत गेले होते, तेव्हा त्यांनी बाकाखालची एक लाकडी पेटी पायाने आणखी आत सारली. त्यांच्या नखांत पिवळा गोंद वाळलेला होता. लोहाराच्या नखांत गोंद कशाला? खुर्च्या-बिर्च्या दुरुस्तीचं काम घेत असावेत. या वयात. वाईट वाटलं. विचारलं नाही, माणसाचा मान असतो. दुपारी चहा दोनदा पाठवला.

फळीवरच्या तयार मुठी पुन्हा कमी झाल्या आहेत. काम मंद असलं तरी मुठी खपतात, हे बरं लक्षण.

२१ फेब्रुवारी

सहा सुऱ्या इस्पितळात दिल्या. भांडीवाल्या बाईंनी एक हातात घेऊन तोलली आणि म्हणाल्या, बघू, ही पाहुणी किती दिवस राहते.

२६ फेब्रुवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

भांडीवाल्या बाई सुरी घासत असताना मुठीचं एक अर्धुक सुटून हातात आलं आणि पातं फिरलं. अंगठ्याला तीन टाके. टाके घालायला लांब जावं लागलं नाही, वरच्या मजल्यावरच काम झालं, असं त्या मला सांगत होत्या, म्हणजे माझी समजूत घालत होत्या. दुसऱ्या एका मुठीतही फट दिसली. मुख्य बाईंनी उरलेल्या सुऱ्या बाजूला काढल्या.

परत येताना लाजेने मान वर होत नव्हती. आणि खरं लिहायचं तर त्या लाजेच्या खाली आनंद होता. मी म्हणतच होते. कारखान्याचं लाकूड दगा देतं, हे आता सिद्ध झालं. तीन टाक्यांवर मला आनंद झाला. माझ्याबद्दल इतकं वाईट मी या वहीत याआधी लिहिलेलं नाही.

कार्यशाळेत भावजी आणि लेक दोघंही होती. मी चाळीस मिनिटं बोलले. लेकीने सुटलेलं अर्धुक उचललं, आतल्या बाजूवरून बोट फिरवलं, नाकाशी धरलं आणि भावजींकडे पाहिलं. भावजींनी मान खाली घातली. दोघांनी मनातून हार मानली असावी.

आता करायला काही उरलं नाही. लेक कारखान्यात पाळीवर गेली. भावजी आज दुपारीच भट्टी विझवून बसले, हे मी कधी पाहिलेलं नाही.

२८ फेब्रुवारी

मुख्य बाईंचा निरोप आला. तपासणी १५ ऐवजी २७ मार्चला होईल, कार्यालयात त्यांच्याच हातून कसला तरी कागद गहाळ झाला. एवढ्या टापटिपीच्या बाई आणि कागद हरवतात. असो, हरवला ते आमच्या पथ्यावर. पण बारा दिवस जास्त मिळून काय करायचं?

१ मार्च

भावजी कोळसा आणायला गेले होते. मला त्यांचा छोटा चिमटा हवा होता, सापडेना. बाकाखाली वाकले तर ती पेटी हाताला लागली. खुर्चीचे पाय असतील, असं वाटून ओढली.

आत मुठी होत्या. माझ्या. मी माझी मूठ अंधारात चाचपून ओळखीन. फुगलेल्या, तडकलेल्या, फटी पडलेल्या. प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, भावजींच्या तिरक्या अक्षरात: कोणाची सुरी, कधी आली, कधी दिली. मोजल्या नाहीत. तळाशी हात गेला तेव्हा जुन्या लागल्या, जरा जाड कण्याच्या. त्या यांच्या होत्या.

म्हणजे तीस वर्षांत एकही मूठ परत आलेली नाही असं मी सभेसभेत सांगत होते, आणि परत आलेली प्रत्येक मूठ या दारापासून त्या दारापर्यंत गुपचूप जात होती. भावजी फळीवरची नवी मूठ बसवून सुरी परत करत होते. फळी रिकामी होते म्हणून मी खूश होत होते.

सगळ्यात खाली एक निराळीच मूठ होती. हातकरवतीने कापलेले पातळ थर, एकावर एक चिकटवलेले. पुस्तक भिजल्यावर पानं सुटतात तसे सुटलेले. हे काम यांचं. कडेला यांची कानस जशी वळायची तशीच वळलेली. मी थरांच्या मधून बोट फिरवलं. इतक्या वर्षांनीही बोट घसरलं. वास घेतला. जवसाचं तेल.

भावजी कोळशाचं पोतं घेऊन दारात उभे होते.

मी विचारलं, "किती वर्षं चाललंय हे?"

"दादा असल्यापासून. आधी त्यालाही सांगत नव्हतो. मग त्याने एकदा पेटी बघितली."

"आणि हे थर?"

"तीनदा करून बघितले त्याने. तीनदा सुटले. म्हणाला, माझ्याच्याने होत नाही. तिला सांगू नको, ती चार लोकांत उभी राहून आपल्या लाकडाचं नाव घेते."

"तुम्ही मला कधी का नाही सांगितलंत?"

भावजींनी पोतं खाली ठेवलं. "वहिनी, तुम्ही बोलायला लागलात की मधे फट कुठे असते?"

मी हसले. मग हसता हसता रडले. भावजी पाठ फिरवून कोळसा रचत राहिले, आणि त्यांचे ते उपकार वेगळेच.

मग टेबलाशी बसून यांचा थर आणि माझं सुटलेलं अर्धुक शेजारी ठेवलं. यांनी तेलाचा हात फिरवला होता आणि मीही. साधं लाकूड तेल पिऊन टाकतं, गोंदाला जागा राहते. यांच्या थरांमध्ये ते कोंडलं असेल. माझं हे दाबलेलं लाकूड तर तेल पीतच नाही. ते वर तसंच बसून राहतं आणि गोंद त्याच्यावर नुसता तरंगतो. लाकडाने दगा दिला नव्हता. दगा तळहाताने दिला होता, सगळ्यात प्रेमाने फिरवलेल्या हाताने.

लेक घरी आल्यावर तिला सांगितलं. तिला आधीच कळलेलं होतं. "त्या दिवशी वास आला होता मला. पण तू बोलत होतीस. काका म्हणाले थांब, तिचं तिला सापडू दे, दुसऱ्याने सांगितलेलं तिला कुठे पटतं?"

मला राग यायला हवा होता. आला नाही.

३ मार्च

नवी पद्धत. आतली बाजू जाड पॉलिशपेपरने खरवडायची. मुठीच्या आत जाणारी पात्याची शेपटीही खरवडायची. दोन्ही स्पिरिटने तीनदा पुसायचं, फडकं पांढरं निघेपर्यंत. मग उघडा हात लावायचा नाही. हातमोजे, गोंद, शिकंजा, एक अख्खा दिवस विसर. मग खिळे.

ऐकायला सोपं आहे. पण मूठ घडवताना ती तळव्याने वाचायची असते. हातमोजा घातला की मला आंधळी झाल्यासारखं वाटतं. आणि हात आपोआप तेलाच्या डब्याकडे जातो. आज तीनदा गेला. शेवटी भावजींनी डबा उचलून भट्टीमागे लपवला, घरातल्या बेवड्याची बाटली लपवतात तसा.

५ मार्च

सहा सुऱ्या पुन्हा दिल्या. भांडीवाल्या बाईंची माफी मागायला शब्द जुळवून गेले होते. समोर त्यांचा बांधलेला अंगठा दिसला आणि चाळीस वर्षांच्या वक्तृत्वाला कुलूप लागलं. "माझी चूक होती," एवढंच बोलले. कुठली चूक तेही सांगितलं, तेलाची.

त्या म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी मोरीपाशी उभ्या राहिलात, ते मी घरी जाऊन सांगितलं. चौदा वर्षांत तिथे दुसरं कोणी उभं राहिलं नव्हतं."

मग डाव्या हाताने नवी सुरी घेऊन कढत पाण्यात टाकली. बघायलाच हवं ना, म्हणाल्या.

१२ मार्च

सात दिवस. एकही सुटलेली नाही. लिहायलासुद्धा भीती वाटते.

१६ मार्च

अकरा दिवस झाले. आज मनात आलेलं सगळं लिहून ठेवते, कारण सभेत कोणीतरी विचारणारच.

हे लाकूड मला अजून आवडत नाही, असं नाही. पण त्याचा वास परका आहे. त्याची धूळ शेगडीत टाकता येत नाही, मातीत मिसळत नाही. ज्याच्या घरात एकच सुरी आहे आणि ती पुसायला ज्याला वेळ आहे, त्याने साधं लाकूड खुशाल वापरावं, मी त्याच्यासाठी ते करत राहीन. पण जिथे कढत पाणी चुकत नाही, तिथे माझ्या तत्त्वाची रेघ दुसऱ्याच्या तळहातावर उमटवण्याचा मला हक्क काय? तत्त्व माझं आणि कातडी तिची, हा कुठला न्याय? पुस्तकांत मी हाच प्रश्न किती जणांना विचारलेला आहे, पानाच्या कडेला, पेन्सिलीने.

यांचा ध्यास मला कळला नव्हता. मी इतकी वर्षं यांच्या लाकडाची राखण करत होते, आणि हे त्याच्या पुढे तीन पावलं जाऊन परत आले होते. चौथं पाऊल माझ्या वाट्याला ठेवलं, असं मानते. कृतज्ञता हा शब्द मी भाषणात शेवटी घालते, टाळ्यांच्या आधी. इथे टाळ्या नाहीत, आणि तो शब्द पहिल्यांदा जड लागतो आहे.

त्या प्लायवुडच्या कारखान्याचेही आभार मानायला हवेत. आजही रद्दीचे दहा ठोकळे आले, पुन्हा सगळे एका मापाचे. लेक हल्ली रविवारीसुद्धा जास्तीची पाळी करते. कारखान्यात काम फार वाढलंय म्हणे. एवढ्या कामातूनही आठवणीने रद्दी वेचून आणते पोर.

२१ मार्च

मुख्य बाईंकडे सहज जाऊन आले. सुऱ्या मुद्दाम पाण्यात तासभर बुडवून ठेवतो, म्हणाल्या. भांडीवाल्या बाईंचे टाके निघाले. सुरी कशी आहे विचारलं तर म्हणाल्या, कोणती? मग आठवून म्हणाल्या, "अगंबाई, ती होय. लक्षातच नाही."

माझ्या मुठीबद्दल याहून चांगलं कोणी काही बोललेलं नाही. कोणाचं लक्षच जात नाही ही माझी तक्रार होती. आता तेच ऐकून मी रस्त्याने एकटीच हसत आले.

२७ मार्च

अधिकारी अकरा वाजता आला. भावजी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि भिंतीला टेकून उभे होते. मीही गप्प उभी होते, लेकीला दिलेल्या वचनाप्रमाणे. त्याने सहाही सुऱ्या ओळीने ठेवल्या. टाचणी काढली. पातं आणि मूठ यांच्या सांध्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेली, आणि ती कुठे अडकली नाही. पांढऱ्या कागदावर पुसली. कागद पांढराच राहिला. सहा वेळा.

त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि छत्तीस मुठी बदलायला मंजुरी दिली. माणूस वाईट नव्हता. त्याच्या टाचणीवर मी चार पानं रागाने लिहिली होती. ती टाचणी नसती तर पेटी बाकाखालीच राहिली असती.

बाहेर आल्यावर भावजी कोपऱ्यावर वळताना म्हणाले, उद्या कोळसा जरा जास्तच आणतो. मुलाला मे महिन्यात पाहुणा म्हणून भेटून येईन.

सभेत पेटी नेऊ का, असं त्यांना विचारलं. म्हणाले, न्या, पण माझं नाव घेऊ नका.

२८ मार्च, सकाळ

ठराव मागे घेते आहे. भाषण नव्याने लिहिलं, ते असं:

मूठ घडवणाऱ्या माझ्या भावांनो आणि बहिणींनो, आपलं दुखणं तुम्हाला माहीत आहे. लोक पातं बघतात, आपल्याकडे कोणी बघत नाही. मीही हेच सांगायला येणार होते. पण या टेबलावर एक पेटी ठेवली आहे. तीत माझ्या मुठी आहेत, तडकलेल्या, फटी पडलेल्या, परत आलेल्या. माझी एकही मूठ परत आली नाही, असं मी याच व्यासपीठावरून तुम्हाला दर वर्षी सांगितलं. ते खोटं होतं, आणि मला ते खोटं आहे हे माहीत नव्हतं, कारण मी कधी बघायला गेले नाही. ही पेटी ज्याने भरली तो माणूस नेहमीसारखा शेवटच्या रांगेत बसला आहे. त्याने नाव घेऊ नका म्हणून सांगितलं आहे, म्हणून मी त्याला इथूनच नमस्कार करते.

आपल्याकडे कोणी बघत नाही, असं आपण म्हणतो. आपण कोणाकडे बघितलं? आपली सुरी धरणाऱ्या हाताचा तळवा तुमच्यापैकी किती जणांनी पाहिला आहे?

थराचं लाकूड वापरा किंवा अख्खं, त्यावर ठराव नको. थराचं वापरलंत तर आतून तेलाचा हात फिरवू नका. माझं तीन टाक्यांचं शिक्षण तुम्हाला फुकट देते. पण लाकूड कोणतं, हे मला विचारू नका, मंडळाला विचारू नका.

उद्या सकाळी तुमची सुरी जिथे रोज चालते अशा एका स्वयंपाकघरात जा. जाताना काही शिकवायला नेऊ नका. बाह्या वर करा, मोरीपाशी उभे राहा, आणि त्या कढत पाण्यात तुमचीच सुरी तुमच्या हाताने धुवा.